पुढच्या महिन्यात बघू!

कोल्हापूरला निघालो असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या तोंडून दोहोंपैकी एक गोष्ट हटकून येते. माणूस भाविक असेल तर म्हणतो, “अंबाबाईला आमचाही नमस्कार सांगा,” आणि खवय्या असेल तर तांबड्या रश्श्याच्या आठवणीने नुसतेच मिटक्या मारतो. माझे कोल्हापूर या दोहोंपासून जरा बाजूला आहे. ते राजारामपुरीतल्या एका गल्लीत, तीन खोल्यांच्या एका घरात आहे. तिथे माझी थोरली बहीण राहते. आक्का लग्न होऊन त्या घरात गेली त्याला आता पन्नास वर्षे होत आली. दोन-तीन वर्षांआड तरी भाऊबिजेला तिच्याकडे जायचे, हा माझा नेम आहे. दिवाळीच्या दोन दिवस आधी पोहोचायचे, आक्काच्या हातचे कानवले खायचे, दाजींच्या गप्पा ऐकायच्या, आणि ओवाळून घेऊन परतायचे.

राजारामपुरी ही मोठी शिस्तीची वस्ती. जुन्या कोल्हापुरात शिरलात, तर पेठा, तालमी आणि बोळ यांच्या जाळ्यात नवखा माणूस हमखास वाट चुकतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२ ते १९४०) त्यांच्या नावाने ही पुरी वसवली गेली, ती मात्र पट्टी घेऊन रेघा ओढाव्यात तशी. गल्ल्यांना नावे देण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असे आकडे घालत घालत थेट चौदाव्या गल्लीपर्यंत मजल गेली. आकडे येत असले म्हणजे माणूस इथे चुकत नाही.

मुख्य रस्त्यावर पुढे दुकानांची रांग उभी राहिली. जनता बाजारचा चौक, मारुतीचे देऊळ, आणि त्यांच्या आगेमागे साड्या, चपला, भांडी, मोबाईल, फ्रीज अन् टीव्ही. एका अंगाला सागरमाळावर १९६२ साली निघालेले शिवाजी विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला शाहू मिलचे आवार, आणि चालत जाण्याच्या अंतरावर लेथांचा आवाज करणारे शिवाजी उद्यमनगर. शिकणारे, राबणारे आणि विकणारे, असे तिन्ही लोक या पुरीला खेटून आहेत. म्हणून शहराच्या खिशाची हालहवाल जाणून घ्यायची असेल, तर दिवाळीच्या तोंडावर संध्याकाळी या रस्त्यावर अर्धा तास उभे राहावे, असे दाजी म्हणतात. मी तसा एकदा उभा राहिलो होतो. त्याचीच ही हकीकत.

ते साल २०१९. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी कोल्हापूरला उतरलो. त्या वर्षी ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला होता. शिरोलीपाशी पुण्या-बंगळूरचा महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला होता. आक्काच्या गल्लीत पाणी आले नव्हते; पण शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. स्टेशनवरून रिक्षा केली. परीख पुलाखालून रिक्षा राजारामपुरीकडे निघाली तेव्हा सहज विचारले, “काय, पुरातून सावरलं का गाव?”

रिक्षावाला पंचविशीतला पोरगा होता. तो म्हणाला, “काका, पुराचं पाणी ओसरलं बघा. दुसरं ओसरंना.”

“दुसरं कुठलं?”

“मी शिरोलीला फौंड्रीत होतो, फेटलिंगला. कंत्राटी. गणपतीच्या आधी सांगितलं, आता बोलावू तेव्हा या. ही रिक्षा चुलत्याची हाय. ते दिवसा झोपत्यात, मी चालवतो. रात्री मी झोपतो, ते चालवतात.”

एका रिक्षात दोन संसार बसले होते, आणि मी तिसरा गिऱ्हाईक.

घरी पोहोचलो. दाजी ओट्यावरच होते. दाजींनी सारा जन्म उद्यमनगरात पॅटर्न करण्यात घालवला. ओतकामासाठी आधी लाकडाचा जो नमुना करावा लागतो त्याला पॅटर्न म्हणतात, आणि दाजींच्या हातचा पॅटर्न म्हणजे केसाचाही फरक नसायचा, असे जुने लोक सांगतात. त्यांचे वडील शाहू मिलमध्ये विणकाम खात्यात होते. माझा भाचा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत तपासनीस आहे. मिल, उद्यमनगर आणि शिरोली अशा तीन पायऱ्यांनी कोल्हापूरचा सारा कारखानदारीचा इतिहास त्या तीन खोल्यांत नांदतो आहे.

चहा झाल्यावर मी रिक्षावाल्याची गोष्ट सांगितली. दाजी हसले नाहीत. म्हणाले, “पावणं, ट्रक काय तुमच्या मुंबईत झाडाला लागतोय? त्याचं काळीज आमच्या इथं वतत्यात. ट्रकवाला शिंकला की शिरोलीला पडसं येतंय.”

मग त्यांनी जे समजावून दिले ते अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सोपे होते. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने ट्रकच्या आसावर किती भार चालेल त्याची मर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली. चार ट्रकांचा माल जवळजवळ तीन ट्रकांत बसू लागला. नव्या ट्रकांची निकड कमी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात एक बडी वित्तसंस्था बुडाली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला. त्यातच १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे, कडक नियम लागू होणार होते. गिऱ्हाईक म्हणाले, थांबू की जरा, नव्या गाड्या येऊ देत. असे सगळे एकदम जुळून आले. २०१९ च्या ऑगस्टात देशातली मोटारींची विक्री आदल्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली, आणि ट्रक-टेम्पोंची ३८ टक्क्यांहून अधिक.

“आणि आपल्या पोराचं?” मी हळूच विचारले.

“तो कायम हाय. आठवड्यातनं दोन दिवस भट्टी बंद असती, पण पगार चालू हाय,” दाजी म्हणाले. आत आक्का चकल्या तळत होती. तिच्या झाऱ्याचा आवाज क्षणभर थांबला, एवढेच.

त्या वर्षी आक्काच्या यादीत एकच मोठी वस्तू होती, फ्रीज. जुना फ्रीज वीस वर्षांचा झाला होता. त्याचे दार लागेना म्हणून ते परकराच्या नाडीने बांधून ठेवलेले असे, आणि दूध काढायचे तर आधी गाठ सोडावी लागे. फ्रीज दसऱ्याला घ्यायचा ठरला होता, तो दिवाळीवर गेला. भाऊबिजेची ओवाळणी म्हणून निम्मे पैसे मी घालावेत, असे मी आणि बायकोने मुंबईहून निघतानाच ठरवले होते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आम्ही तिघे मुख्य रस्त्याला निघालो.

रस्ता नेहमीसारखा फुलला होता. आकाशकंदील टांगलेले, पणत्यांचे ढीग, रांगोळीच्या रंगांचे डोंगर. पहिल्या नजरेला मंदीचे नाव दिसेना. मग हळूहळू लक्षात आले, की गर्दी आहे पण लोकांच्या हातांत पिशव्या नाहीत. माणसे चालत होती, थांबत होती, काचेतून पाहत होती आणि पुढे जात होती.

आम्ही एका दुकानात शिरलो. विशीतला एक चुणचुणीत पोरगा पुढे आला. “या काकू, बघा की. उघडून बघा, बघायला पैसे पडत नाहीत,” म्हणत त्याने एकेक फ्रीज उघडून दाखवला. आक्काने भाज्यांचा कप्पा ओढून पाहिला, बर्फाची पेटी पाहिली, दार दोनदा लावून त्याचा आवाज ऐकला. भाव केला. पोरगा मालकाकडे गेला, परत आला, हजार रुपये उतरले. पुन्हा गेला, पाचशे आणखी उतरले. फ्रीज आक्काला पसंत पडला होता, हे तिच्या डोळ्यांवरून मला कळत होते. लहानपणापासून मी ते डोळे ओळखतो. मग तिने पर्स काखेत घट्ट धरली आणि म्हणाली, “बरं. पुढच्या महिन्यात बघू.”

“काकू, पुढच्या महिन्यात हा भाव राहायचा नाही.”

“नसू दे बाळा.”

आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात आणखी चार कुटुंबे येऊन गेली. चौघांनी दारे उघडली, चौघांनी मिटली. एका गृहस्थाने तेवढा मिक्सर घेतला. बाकीच्यांच्या तोंडी तेच वाक्य होते, जणू देवळात एकाने सुरू केलेली आरती सगळ्यांनी उचलावी.

बाहेर आल्यावर मी म्हटले, “आक्का, अगं निम्मे मी घालतो आहे ना?”

“तू ओवाळणी रोख घाल,” ती म्हणाली. “माझा पोरगा कामावर आहे, खरं आहे. पण त्याच्या शेजारी उभा राहणारा पोरगा आता नाही. रोज डबा भरताना मला त्याचीच आठवण येते.”

मी फार आग्रह केला नाही. खरे कारण सांगायचे तर माझ्या स्वतःच्या मुलाच्या पुण्यातल्या कंपनीत ‘यादी निघणार’ अशी कुजबुज तेव्हा चालू होती, आणि फ्रीजचे पैसे वाचले याचे मला मनातून बरेच वाटले. भाऊबिजेला मी ताटात रोख घातली. आक्काने ती त्याच दिवशी कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवली.

वाचकहो, आमच्या घरात त्या दिवाळीत कुणाचीही नोकरी गेली नव्हती. आक्काच्या घरी पगार येत होता, माझ्याकडे येत होता, मुलाचाही येत होता. तरी आम्ही हात मागे घेतला. सगळी गोम इथेच आहे. बेकारी ज्याची नोकरी जाते त्याच्याच घरात राहत नाही. ती एका घरात येते, आणि तिची धास्ती दहा घरांत जाते.

ही धास्ती मोजताही येते. जॉर्ज कटोना नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात हा उद्योग आरंभला. त्याचे म्हणणे साधे होते: माणसाजवळ खर्चाची ऐपत असणे निराळे आणि खर्चाची इच्छा असणे निराळे, बाजार चालायला दोन्ही लागतात. आपल्याकडे रिझर्व्ह बँक अशी पाहणी करते. देशाची स्थिती, नोकऱ्या, महागाई, स्वतःची मिळकत आणि खर्च यांविषयी मोठ्या शहरांतल्या कुटुंबांना विचारते, आणि उत्तरांचा एक आकडा काढते. आकडा शंभराच्या वर असला तर लोकांचा जीव भांड्यात, खाली असला तर घशाशी. २०१९ च्या मार्चमध्ये तो १०४.६ होता. सप्टेंबरात ८९.४ झाला आणि नोव्हेंबरात ८५.७. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सरकारी पाहणी प्रसिद्ध झाली होती: २०१७-१८ मध्ये देशातली बेकारी ६.१ टक्के, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. पाहणी करणाऱ्यांच्या तेरा शहरांत कोल्हापूर नव्हते. ते असते तर आक्काने काय उत्तर दिले असते, ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी मला फिरायला घेऊन गेले. शाहू मिलच्या भिंतीपाशी आम्ही थांबलो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली या गिरणीचा पाया घातला तो आपल्या प्रजेच्या हातांना काम मिळावे म्हणून. गिरणीचा भोंगा म्हणजे साऱ्या वस्तीचे घड्याळ होते. भोंग्यावर चुली पेटत, भोंग्यावर पोरे शाळेला निघत. “पगाराच्या दिवशी वडील येताना भडंगाचा पुडा आणायचे,” दाजी म्हणाले. “तो पुडा दिसला की गल्लीतली सगळी पोरं समजायची, आज मिलचा पगार. त्या दिवशी वाण्याचं, शिंप्याचं, सगळ्यांचं तोंड गोड.” ती गिरणी २००३ साली बंद पडली. पुढे २०२२ मध्ये शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला त्याच आवारात प्रदर्शने भरली, गर्दी लोटली. पण भडंगाच्या पुड्याचा तो दिवस काही परत आला नाही.

तिथे उभा असताना मला मारीएनथालची आठवण झाली. हे ऑस्ट्रियातले, व्हिएन्नाजवळचे एक खेडे. तिथली कापडगिरणी जागतिक मंदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाची पाहणी केली आणि १९३३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांपाशी वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, चालता चालता उगाच थांबू लागले, आणि पुष्कळांनी घड्याळ वापरणेच सोडून दिले. वेळ पाहायची कशासाठी? भोंगा गेल्यावर घड्याळाचे काय काम! पण त्याच अभ्यासात एक गोड गोष्टही आहे. इतक्या ओढगस्तीत काही घरांनी बटाटे लावायच्या वाफ्यात फुले लावली होती.

ही फुले मला आक्काच्या अंगणात त्याच संध्याकाळी दिसली. कोल्हापुरात दिवाळी म्हणजे पोरांचा किल्ला. आक्काची नात तेव्हा पाच वर्षांची होती. दगड-माती, पोती, हळिवाची हिरवळ असा जय्यत किल्ला झाला होता, आणि मावळे मात्र आदल्या वर्षीचे, कुणाचा हात मोडलेला तर कुणाची ढाल गेलेली. फ्रीज नाकारून आलेल्या माझ्या बहिणीने दुसऱ्या दिवशी डब्यातून पैसे काढले, आणि कुंभाराकडून सहा मावळे, दोन तोफा आणि सिंहासनावरचे महाराज आणले. मी काही बोललो नाही. भीती माणसाला पुरते कंजूष करीत नाही. ती त्याला मोठ्या वस्तूंकडे पाठ फिरवायला लावते आणि लहान वस्तूंपाशी त्याचे मन हळवे करते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. भाच्याच्या हातात तीन महिने निम्माच पगार पडला. आक्काचा स्टीलचा डबा उघडला गेला, आणि माझी ओवाळणी, फ्रीजसाठी साठवलेले पैसे, सारे किराण्यात आणि दाजींच्या औषधांत गेले. डबा संपल्यावर पाटल्या गहाण पडल्या. त्या वर्षी ऑगस्टात रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची बँकांना काही महिन्यांपुरती मुभा दिली होती. त्यामुळे चार पैसे अधिक मिळाले. २०२१ च्या मे महिन्यात तो विश्वासाचा आकडा ४८.५ इतका खाली गेला. मी फोनवर म्हणालो, “आक्का, तू फ्रीज घेतला नाहीस ते देवानेच सुचवलं.” तिलाही तेव्हा तसेच वाटत होते.

हळूहळू दिवस पालटले. ट्रक पुन्हा खपू लागले, शिरोलीच्या भट्ट्या पेटल्या, भाच्याचे जादा काम सुरू झाले. २०२२ मध्ये पाटल्या सुटल्या आणि मागोमाग फ्रीजही आला. नाडी पुन्हा परकराला गेली.

अलीकडे एका दिवाळीला पुन्हा गेलो. संध्याकाळी नेहमीप्रमाणे मुख्य रस्त्याला निघालो. रस्त्याच्या कडेला खाण्याच्या गाड्या पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढलेल्या दिसल्या. वडापाव, मोमो, भेळ, चहाचे नाना प्रकार. एका वडापावच्या गाडीवरच्या पोराने आक्काकडे निरखून पाहिले आणि हाक मारली, “काकू! फ्रीज घेतला काय शेवटी?”

मला ओळख पटायला वेळ लागला. दुकानातला तोच तो चुणचुणीत पोरगा. आता अंगाने भरला होता, कपाळावर तेलाचा घाम होता.

“घेतला की. बावीस साली,” आक्का हसून म्हणाली. “तुमच्याच दुकानातनं. पण तू दिसला नाहीस.”

“मी कसा दिसणार? तुम्ही आला होता ती दिवाळी झाली, आणि मालकांनी आम्हा तिघांतल्या दोघांना सांगितलं, माल पडून हाय, गुढीपाडव्याला गिऱ्हाईक सुरू झालं की बोलावतो. त्यांचा तरी काय दोष? आणि पाडव्याला काय झालं, माहीतच हाय तुम्हाला.”

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. टाळेबंदीचा तो पहिला दिवस.

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो वडे सोडत होता आणि गंमत सांगावी तसा सांगत होता. पण आक्काचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत ती बोलली नाही. पायरीवर चपला काढता काढता म्हणाली, “त्या दिवशी मी घेतला असता तर?”

“एका फ्रीजनं काय हुतंय?” दाजी म्हणाले.

“एकानं नाही हो. पण त्या संध्याकाळी माझ्यासारख्या किती जणी दारं उघडून मिटत होत्या. त्या सगळ्यांनी मिळून त्या पोराची नोकरी घालवली की.”

मला त्या रात्री लवकर झोप आली नाही. आक्काचे काही चुकले होते का? मुळीच नाही. तिने पैसे राखले म्हणून तिचे घर तरले. पण जी काटकसर एका घराला तारते, ती सगळ्या घरांनी एकाच संध्याकाळी केली तर दुकानातला पोरगा घरी बसतो. तो घरी बसला की त्याच्या गल्लीतली आणखी दहा माणसे पर्स काखेत धरतात. आणि फिरून शिरोलीची भट्टी थंडावते. केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या ग्रंथात हेच सांगितले. आक्काने ते पायरीवर चपला काढताना सांगितले.

मग उपाय काय? ‘खर्च करा, देशाचे भले होईल’ असा उपदेश आक्काला करण्याचा कुणाला अधिकार नाही. भीती सवलतीच्या पाट्यांनी जात नाही. उद्याचा भरवसा असला तर ती जाते, आणि हा भरवसा एकेकट्या घराच्या डब्यात मावत नाही. तो सर्वांनी मिळून उभा करावा लागतो. महाराष्ट्राने तो एकदा उभा करून दाखवला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली. मागेल त्याला काम, हा पुढे १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आपल्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची जी बारीकशी कपात दिसते आणि जिच्याविषयी आपण कुरकुरतो, तिचे मूळ हे आहे. गावच्या मजुराच्या हाताला काम मिळावे म्हणून शहराने उचललेला तो वाटा. त्याच हमीच्या धर्तीवर केंद्राने २००५ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा केला. पण फेटलिंगच्या कंत्राटी पोराला किंवा दुकानातल्या नोकराला महाराष्ट्रातल्या शहरात तशी हमी मिळाली नाही.

कुणी म्हणेल, आता बेकारी कुठे आहे? २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत ती ३.२ टक्क्यांवर आली. आकडा खरा आहे. पण त्याच पाहणीत पंधरा ते एकोणतीस वयाच्या मुलांमधली बेकारी १०.२ टक्के आहे. आणि कामावर असलेल्या दर शंभरांत अठ्ठावन्न जण स्वतःच्याच धंद्यात आहेत. २०१७-१८ मध्ये ते बावन्न होते. आमचा वडापाववाला या आकड्यात बेकार नाही. तो कष्टाळू आहे, त्याचा वडा उत्तम आहे. पण पावसाचे चार दिवस गाडी उभी राहिली, तर त्या चार दिवसांचे त्याला कुणी काही देत नाही. त्याच्या घरी फ्रीज कधी यायचा? रिझर्व्ह बँकेचा तो आकडा २०२४ च्या मार्चमध्ये ९८.५ पर्यंत चढला, तरी शंभराला शिवला नाही, त्याचे उत्तर बहुधा अशाच घरांत मिळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात किल्ल्याची गडबड होती. नात आता मोठी झाली आहे. बुरूज, तटबंदी, माची, सारे नकाशा पाहून करते. महाराजांच्या सिंहासनाला तडा गेला होता आणि तोफ एकच उरली होती. तिने बापाकडे पैसे मागितले. भाचा मोबाईलमधून डोके वर न काढता, सवयीने म्हणाला, “पुढच्या महिन्यात बघू.”

“अरे, पुढच्या महिन्यात किल्ला मोडलेला असतोय!” दाजी ओट्यावरून ओरडले.

आक्का आत गेली. डब्याच्या झाकणाचा आवाज आला. बाहेर येऊन तिने नातीच्या हातावर पैसे ठेवले आणि मला म्हणाली, “जा रे हिच्याबरोबर कुंभाराकडं. आणि येताना त्या पोराच्या गाडीवरनं आठ वडे बांधून आण. उद्याबिद्या नको, आजच.”